चौथी मेणबत्ती प्रीतीची: आगमनकाळातली उपासना पहिल्यांदाच चालवणाऱ्यांसाठी

डिसेंबर अर्धा सरला की पाळकसाहेबांचा निरोप येतो: "येत्या रविवारी चौथी मेणबत्ती तुमच्या घराकडे. एक वाचन, दोन शब्द, एक प्रार्थना. पाच-सात मिनिटं पुरे." मंडळीत नव्यानं आलेले, लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेले, किंवा इतकी वर्षं मागच्या बाकावर निवांत बसलेले, सगळ्यांच्याच पोटात अशा वेळी गोळा येतो. हा लेख त्यांच्यासाठी. ज्यांना चर्चमध्ये काही करायचं नाही, पण घरी मुलाबाळांसोबत हा रविवार पाळायचा आहे, त्यांनाही तो चालेल.

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार आणि त्यांच्यामधले दिवस. बऱ्याच मंडळ्यांत या चार रविवारांना आशा, शांती, आनंद आणि प्रीती अशी नावं दिलेली असतात आणि दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवत पेटवतात. त्यांतला प्रीतीचा रविवार वरवर सर्वांत सोपा वाटतो, आणि बिघडतोही तोच जास्त. प्रीतीवर कुणालाही काहीही सुचतं. मग आईची माया, देशप्रेम, शेजारधर्म, लग्नात वाचलेला करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय असं सगळं एका ताटात वाढलं जातं आणि कुणाच्याच लक्षात काही राहत नाही. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका: या दिवशी शास्त्रातला एकच प्रसंग घ्यायचा आणि त्यातलं माणूस प्रत्यक्षात काय करतं ते बघायचं.

आधी तारीख काढा, मग रीत विचारा

आगमनकाळाचा पहिला रविवार ३० नोव्हेंबरला, म्हणजे संत अंद्रियाच्या दिवसाला, सर्वांत जवळचा असतो. त्यामुळे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीही येतो. उलटं मोजणं जास्त सोपं: २५ डिसेंबरच्या आधीचा शेवटचा रविवार चौथा, तिथून तीन रविवार मागे गेलं की पहिला. २०२६ मध्ये पहिला २९ नोव्हेंबरला आणि चौथा २० डिसेंबरला आहे. २०२७ मध्ये २८ नोव्हेंबर आणि १९ डिसेंबर. २०२८ मध्ये जरा पंचाईत आहे, कारण चौथा रविवार थेट २४ डिसेंबरलाच येतो. त्याबद्दल शेवटी.

चर्चचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, ते या पहिल्या रविवारी सुरू होतं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली, तोही आगमनकाळाचा पहिला रविवारच होता.

आता रीत. ही घरोघरी बदलते तशी चर्चगणिक बदलते. काही ठिकाणी प्रीती चौथ्या रविवारी असते, काही ठिकाणी दुसऱ्या रविवारी प्रीती आणि चौथ्याला शांती. काही जुन्या मंडळ्यांत ही नावंच नसतात, तिथे संदेष्ट्यांची, बेथलेहेमची, मेंढपाळांची आणि देवदूतांची मेणबत्ती म्हणतात. वसईकडच्या कॅथलिक चर्चमध्ये जाणार असाल तर मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, ग्लोरिया हे स्तुतिगीत ऐकू येणार नाही, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवलेलं असतं. फादरांचा झगा जांभळा असतो, फक्त तिसऱ्या रविवारी गुलाबी घालायची मुभा असते. १७ डिसेंबरपासून प्रार्थना आणि वाचनं थेट जन्माच्या प्रसंगाकडे वळतात. केरळातून पुण्या-मुंबईत आलेल्या सिरियन परंपरेच्या शेजाऱ्यांकडे मेणबत्त्यांपेक्षा १ डिसेंबरपासूनचा पंचवीस दिवसांचा उपवास मोठा. आणि बऱ्याच पेंटेकॉस्टल मंडळ्या आगमनकाळ असा वेगळा पाळतच नाहीत. यांतली कुठलीच रीत चुकीची नाही. पाळकसाहेबांना किंवा फादरांना आधी एक फोन करून "आपल्याकडे चौथ्या रविवारी काय असतं?" एवढं विचारा. आयत्या वेळी शांतीच्या मेणबत्तीपुढे उभं राहून प्रीतीवर बोलायची वेळ येणार नाही.

चक्र तयार करणं

चर्चमध्ये चक्र, म्हणजे या मेणबत्त्यांची गोलाकार मांडणी, तयारच असतं. घरी करायचं तर खर्च फारसा नाही.

ही प्रथा वाटते तितकी जुनी नाही. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान हिनरिक विखर्न नावाचे एक पाळक गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवत होते. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मधल्या दिवसांसाठी लहान लाल आणि रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक पेटवायला लावली. पुढे घराघरात त्यातल्या चारच राहिल्या. म्हणजे मुळात हे मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून केलेलं साधन आहे. त्याच्या रंगांवरून आणि मापांवरून वाद घालू नये असं मला वाटतं, ते एवढ्यासाठीच.

एक स्टीलचं ताट किंवा परात घ्या. त्यात दोन बोटं जाडीचा वाळूचा थर पसरा. वाळूत चार मेणबत्त्या गोलात आणि मध्ये एक पांढरी, थोडी उंच, अशा रोवा. परंपरेनं तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, म्हणजे आनंदाची. जांभळी मेणबत्ती आपल्याकडच्या किराणा दुकानात सहसा मिळत नाही. साध्या पांढऱ्या मेणबत्तीला खालच्या बाजूला जांभळी रिबीन बांधली तरी चालतं. हिरवाईसाठी फरच्या फांद्या शोधत बसू नका. किनाऱ्याकडे सुरूच्या फांद्या मिळतात, देशावर अशोकाची पानं. पानं दर आठवड्याला बदला, कारण चौथ्या रविवारपर्यंत पहिली पानं वाळून कोळ झालेली असतात आणि त्याच दिवशी चारही ज्योती पेटलेल्या असतात. रिबीन ज्योतीपासून लांब, पंखा बंद, पडदा बाजूला, आणि शेजारी पाण्याचा तांब्या.

पेटवण्याचा क्रम असा: चौथ्या रविवारी आधी पहिली, मग दुसरी, मग गुलाबी आणि शेवटी चौथी. मधली पांढरी ख्रिस्तजन्माच्या रात्रीपर्यंत तशीच राहते. पहिली मेणबत्ती एव्हाना निम्मी झालेली असते आणि चौथी पूर्ण उंच. उंची सारखी करायला जाऊ नका, तसंच असायला हवं.

चौथी कुणी पेटवायची? बहुतेक वेळा मुलांना पुढे करतात, कारण फोटो छान येतो. या एका रविवारी मी वेगळं सुचवेन. घरात किंवा मंडळीत ज्यांना पुढे बोलवायचं कुणाच्या मनातच येत नाही अशा एखाद्या व्यक्तीला काडी द्या: एकट्या राहणाऱ्या आजी, हॉस्टेलवरचा मुलगा, चर्चची झाडलोट करणारे काका. त्यांना आदल्या दिवशी विचारून ठेवा. ऐनवेळी सर्वांसमोर नाव पुकारलं तर तो मान न राहता संकट होतं.

कुठला प्रसंग घ्यायचा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

अनेक चर्चमध्ये वाचनं तीन वर्षांच्या चक्रानं ठरलेली असतात. चौथ्या रविवारच्या शुभवर्तमानात (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांतल्या वाचनात) पहिल्या वर्षी योसेफ येतो (मत्तय १:१८ पासून), दुसऱ्या वर्षी मरीयेला देवदूताचा निरोप (लूक १:२६–३८), तिसऱ्या वर्षी मरीया आणि अलीशिबा यांची भेट (लूक १:३९ पासून). आगमनकाळ २०२६ पासून सुरू होणारं वर्ष दुसरं, २०२७ पासूनचं तिसरं, आणि २०२८ ला पुन्हा योसेफ. तुमच्या चर्चमध्ये हे चक्र वापरत असतील तर निवडीचा प्रश्नच नाही. घरच्या उपासनेत मोकळीक आहे, आणि नवख्या माणसानं तिथे योसेफापासून सुरुवात करावी असं माझं मत.

का ते सांगतो. मरीयेची मागणी योसेफाशी झाली होती. त्या काळच्या यहुदी समाजात मागणी आपल्या साखरपुड्यापेक्षा पक्की होती. ती मोडायची तर रीतसर सूटपत्र द्यावं लागे. आणि अशात ती गर्भवती असल्याचं कळतं. आपल्याकडे अशा वेळी घरात पहिलं वाक्य कुठलं निघतं ते सांगायला नको: चार लोक काय म्हणतील? मत्तय लिहितो की योसेफ नीतिमान होता आणि तिची बेअब्रू करायची त्याची इच्छा नव्हती, म्हणून त्यानं तिला गुपचूप सोडायचं ठरवलं. नीट बघा, देवदूत अजून आलेलाच नाही. स्वप्न नंतर पडतं. ज्या रात्री त्याच्याकडे कुठलाच खुलासा नव्हता, आपली फसवणूक झाली असंच त्याला वाटत असणार, त्या रात्रीही तिला चारचौघांत उघडं पाडायचं नाही एवढं त्यानं ठरवून टाकलं होतं. मग स्वप्नात देवदूत "भिऊ नको" म्हणतो आणि योसेफ उठून तिला घरी आणतो. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एक शब्दसुद्धा नाही. आहे ते फक्त त्याचं उठणं, घेऊन येणं, आणि बाळाचं नाव येशू ठेवणं.

"देव प्रीती आहे" हे योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातलं वाक्य भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण रोज बघतो. योसेफाच्या शेजारी ठेवून वाचलं तर त्याला वजन येतं. योहान त्याच अध्यायात म्हणतो की आधी देवानं प्रीती केली, आपली नंतर. योसेफाच्या प्रसंगात मत्तयही बाळाचं दुसरं नाव देतो, इम्मानुएल, आम्हांबरोबर देव. तेव्हा दुसरं वाचन हवंच असेल तर योहानाच्या त्या पत्रातल्या ४:७–१२ या ओव्या घ्या. त्याहून जास्त नको.

मरीया आणि अलीशिबा यांचा प्रसंग घेणार असाल तर एक सावधगिरी. मरीया घाईनं डोंगराळ प्रदेशात यहूदाच्या एका गावी जाते, वयस्कर नातेवाईक अलीशिबा गरोदर आहे, तिच्याकडे सुमारे तीन महिने राहते, एवढं लूक सांगतो. ती तिथे धुणीभांडी करायला गेली असं पुष्कळ जण ठोकून देतात. तसं लिहिलेलं नाही. दोन बाया, एक फार म्हातारी आणि एक फार तरुण, दोघींचीही अवस्था गावाला पटणारी नाही, आणि दारातच म्हातारी तरुण मुलीला धन्य म्हणते. वाचणाऱ्यांनी इथेच थांबावं. घरात सुना, नणंदा, जावा बसलेल्या असतात, त्यांना पुढचं आपोआप कळतं.

दुसऱ्या वर्षाच्या वाचनांत जुन्या करारातून दाविदाचा प्रसंग असतो (२ शमुवेल ७). दावीद म्हणतो, मी देवासाठी घर बांधतो, आणि देव उलट सांगतो की तुझं घर मीच उभं करीन. बिल्डिंग फंडाची घोषणा त्याच रविवारी असेल तर हे वाचन जरा गमतीदार वाटतं.

दोन शब्द कसे लिहायचे

पाच मिनिटं म्हणजे हस्ताक्षरात एक पान. लिहूनच काढा, बोलू ऐनवेळी असं म्हणू नका. आदल्या आठवड्यात रोज रात्री तोच उतारा एकदा मोठ्यानं वाचा, काही लिहू नका. तीन-चार दिवसांत एखादा शब्द अडकायला लागतो. कुणाला "गुपचूप", कुणाला "घाईनं", कुणाला "भिऊ नको". त्या शब्दावरच लिहा.

लिहिताना स्वतःला एवढं विचारा: या प्रसंगात कुणाचं काय पणाला लागलं होतं? माझ्या ओळखीत आत्ता असं कोण आहे जिची किंवा ज्याची लाज राखणं माझ्या हातात आहे? उत्तर मनात ठेवा, नाव घेऊ नका. चर्चच्या व्यासपीठावरून घरातल्या किंवा मंडळीतल्या माणसाला टोमणा मारण्याची सोय या रविवारी फार सहज मिळते. प्रीतीचं नाव घेऊन केलेला टोमणा लोक वर्षभर विसरत नाहीत.

ज्यांच्या घरी या वर्षी कुणी गेलं आहे, त्यांना डिसेंबर कठीण जातो. "नाताळ म्हणजे सगळीकडे आनंदच आनंद" असलं वाक्य पानावर आलं असेल तर खोडून टाका.

घरच्या उपासनेचा क्रम

अर्ध्या तासाहून जास्त लांबवू नका. रविवारी संध्याकाळी, जेवणाच्या आधी बरं पडतं.

घरातले दिवे मंद करा, टीव्ही आणि मोबाइल बंद. मिनिटभर शांत बसा. मग आगमनकाळाचं एक गीत. पेटी वाजवणारं कुणी असेल तर उत्तम, नसेल तर टाळांवर भजन म्हणा. ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) भजनं आपल्या मंडळ्यांत आजही म्हटली जातात आणि त्यांची चाल घरातल्या थोरांना पाठ असते. तरुण मंडळी कॅरलचा आग्रह धरतील. काटेकोर नियमानं जन्माची गीतं २४ च्या रात्रीआधी नकोत, पण महाराष्ट्रात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून कॅरल पार्टी दारोदार फिरत असते. तेव्हा एक गीत वाट पाहण्याचं आणि एक त्यांच्या आवडीचं, असा समेट करावा.

गीतानंतर चारही मेणबत्त्या क्रमानं पेटवा. चौथी पेटवताना म्हणायला हे शब्द घ्या, हवे तसे बदला:

"आशेची, शांतीची आणि आनंदाची मेणबत्ती पेटली आहे. आज आम्ही प्रीतीची मेणबत्ती पेटवत आहोत. आम्ही शोधण्याआधी देवानं आम्हांला शोधलं, म्हणून ही ज्योत."

मग वाचन, एकदा एकानं आणि थोड्या वेळानं दुसऱ्यानं, तोच उतारा. दुसऱ्यांदा वाचणारं लहान मूल असेल तर फार बरं. ते अडखळत वाचतं आणि आपण ऐकतो. त्यानंतर दोन शब्द, आणि हवं असेल तर ज्याला जो शब्द अडकला तो त्यानं सांगावा. सक्ती नको. सासरे बोलले नाहीत तर त्यांना तसेच राहू द्या.

शेवटी प्रार्थना. स्वतःच्या शब्दांत करता आली तर करा, जीभ अडत असेल तर ही वाचा:

"हे प्रभू, योसेफाला तू रात्रीच्या अंधारात योग्य ते करायला बळ दिलंस. आमच्याही घरात बोलून मोकळं होण्याऐवजी एकमेकांना सांभाळून घेण्याची बुद्धी दे. ज्यांची आठवण या दिवसांत आम्हांला रडवते, ते तुझ्या हाती आहेत. ज्यांच्याशी आम्ही बोलत नाही, त्यांची नावं आम्ही आता मनात घेतो." इथे थोडं थांबा. "तुझ्या येण्यासाठी आमच्या दारात आणि मनात जागा कर. आमेन."

नंतर सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना. मेणबत्त्या विझवा आणि जेवायला बसा.

त्याच आठवड्यात करायचं एक काम

मनन करून उठलं आणि फराळाला लागलं, असं झालं तर उपासना अर्धीच राहिली. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. चौथ्या रविवारपासून नाताळपर्यंत फार तर सात दिवस असतात, कधी एकच. तेवढ्यात जुनं भांडण मिटणार नाही. पण एक फोन होतो. "नाताळला या" एवढंच म्हणायचं, मागचं काही काढायचं नाही.

भांडण नसेल तर भेट. मंडळीत आजारी, अंथरुणाला खिळलेले, मुलं परदेशी असलेले कोण आहेत याची यादी पाळकसाहेबांकडे असते. कॅरल पार्टीवाल्या मुलांना एका रात्रीत आख्खी कॉलनी उरकायची घाई असते. त्यांना सांगून एका तरी घरी बसायला लावा. चहा घ्यावा, आजोबांना हवं ते जुनं गीत म्हणावं, मग निघावं. फराळाची ताटं शेजाऱ्यांना देणार असाल तर बिल्डिंगच्या वॉचमनचं ताट आधी भरा, उरलेलं म्हणून नंतर नको.

पहिल्यांदाच चर्चमध्ये येणारे पाहुणे

ख्रिस्ती नसलेल्या मित्रमैत्रिणींना या रविवारी बोलावलं असेल तर त्यांना एवढं आधी सांगून ठेवा. सगळे उभे राहतील तेव्हा उभं राहावं, विशेषतः शुभवर्तमानाच्या वाचनाला. अर्पणाची थैली समोर आली तर टाकलंच पाहिजे असं नाही. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) असेल तर बाप्तिस्मा न झालेल्यांनी जागेवरच बसून राहावं; त्यात कुणी काही मनाला लावून घेत नाही. गावाकडच्या काही चर्चमध्ये चपला बाहेर काढतात, तेव्हा दाराशी नजर टाकावी.

चौथा रविवार २४ डिसेंबरला आला तर

२०२३ मध्ये असंच झालं होतं, २०२८ मध्ये पुन्हा होईल. अशा वर्षी सकाळच्या उपासनेत प्रीतीची मेणबत्ती पेटते आणि त्याच रात्री मधली पांढरी. दोन्ही एकदमच उरकून घेऊ असा मोह होतो, विशेषतः घरी करंज्या तळायच्या राहिलेल्या असतात तेव्हा. सकाळची उपासना दहा मिनिटांची करा, पण करा. फराळ आदल्या शनिवारीच आटपायचा असं नोव्हेंबरातच ठरवून ठेवा. रात्री चर्चहून परतल्यावर मधली मेणबत्ती लावायची असेल तर नवी काडीपेटी ताटाजवळ ठेवून निघा, आणि गोठा मांडला असेल तर बाळ येशूची मूर्ती तोपर्यंत कपाटातच राहू द्या.